उकळीचा आकडा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या नरडाण्याच्या फाट्यावर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून, एक फर्निचरचं दुकान आहे. तिथं कपाटांना पॉलिश मारायचं काम सुरू झालं की पिकलेल्या केळ्यांचा वास थेट रस्त्यापर्यंत येतो. एकदा शिरपूरकडचे एक पाहुणे माझ्यासोबत बसची वाट बघत उभे होते. घरी केळीची बाग. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, आठे केळास्ना वास कोठून ई राह्यना?" मी दुकानाकडं बोट दाखवलं. त्यांचा विश्वास बसेना. आत जाऊन त्यांनी थिनरच्या डब्यावर नाक नेलं, आणि खोकत बाहेर आले.

मंडळी, मी रसायनशास्त्राचा माणूस नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण केळीच्या मुलुखात केळ्याचा वास डब्यातून येतो, ही गोष्ट मला काही दिवस सोडेना. शेजारच्या एका पोराचं जे झालं, त्यानंतर तर ती मनात घर करूनच बसली. त्या पोराची गोष्ट शेवटी सांगेन. आधी या वासाची.

केळ्याचा जो ओळखीचा वास आहे, तो मुख्यतः आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाच्या द्रवाचा. थिनरमध्ये त्याची भावंडं असतात, कधी तो स्वतःही असतो. या सगळ्या घराण्याला 'एस्टर' म्हणतात. आम्ल आणि अल्कोहोल यांचा संयोग झाला की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि उरतो तो एस्टर. सिरक्यातलं अ‍ॅसेटिक आम्ल आणि दारूतलं अल्कोहोल एकत्र आले की इथाइल अ‍ॅसिटेट तयार होतं. नखांचा रंग काढायच्या बाटलीत पुष्कळदा हेच असतं. फ्रान्समध्ये लोरागे नावाच्या उमरावानं ते १७५९ साली प्रथम तयार केलं. 'एस्टर' हा शब्द १८४८ साली लिओपोल्ड ग्मेलिन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं घडवला. जर्मन भाषेत सिरक्याला 'एसिग' म्हणतात, त्या 'एसिग-ईथर'चं हे आखूड रूप.

आता एक गंमत पाहा. अ‍ॅसेटिक आम्ल उकळतं ११८ अंश सेल्सिअसला. अल्कोहोल ७८ अंशांना. दोघांच्या संयोगातून झालेला एस्टर दोघांपेक्षा वजनदार, म्हणून तो जास्त तापमानाला उकळायला हवा. पण तो उकळतो ७७ अंशांना! असं का? पाण्याचे रेणू, आम्लाचे रेणू, अल्कोहोलचे रेणू एकमेकांचा हात घट्ट धरून असतात. ते हात सोडवायला उष्णता लागते. म्हणूनच पाण्याचा इवलासा रेणूसुद्धा १०० अंशांपर्यंत तग धरतो. एस्टर होताना ते धरायचे हातच पाण्याच्या रूपानं निघून जातात. मग एस्टरचे रेणू गर्दीत एकटे असल्यासारखे सुटे राहतात, आणि पटकन उडतात. म्हणूनच फुलाफळांना वास येतो. जे उडत नाही, ते नाकापर्यंत पोचत नाही.

या घराण्यातही थोरला-धाकटा असा क्रम आहे. मिथाइल अ‍ॅसिटेट सुमारे ५७ अंशांना उकळतं, इथाइल ७७, प्रोपाइल १०२, ब्यूटाइल १२६ आणि केळ्याचा वासवाला आयसोअमाइल १४२ अंशांना. रेणूची साखळी एकेका कडीनं वाढली की वीसेक अंश वाढतात. या आकड्याला शाळेच्या पुस्तकात उत्कलनांक म्हणतात. परीक्षेपुरता पाठ करून आपण तो विसरतो. पण माणसाच्या इतिहासाचा मोठा भाग या आकड्यावर उभा आहे.

माझे नाना ईदच्या सकाळी कानात अत्तराचा फाया ठेवायचे आणि डोळ्यांत सुरमा घालायचे. या दोन्ही गोष्टींचं या इतिहासाशी नातं आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही फार उशिरा कळलं. सुरम्याला अरबी भाषेत 'कुहल' म्हणतात, 'अल-कुहल'. अतिशय बारीक केलेली पूड असा त्याचा अर्थ. तो शब्द युरोपात गेला, तिथं 'कोणत्याही वस्तूचं सूक्ष्म सत्त्व' या अर्थानं वापरला जाऊ लागला, आणि सोळाव्या शतकात पॅरासेल्ससच्या काळात दारूच्या सत्त्वाला चिकटला. तोच आजचा अल्कोहोल. आपण मराठीत सहज म्हणतो, 'या पुस्तकाचा अर्क काढला'. हा 'अर्क'ही अरबीच, 'अरक' म्हणजे घाम. भांड्यातला द्रव तापून वाफ होते, थंड झाकणावर तिचे थेंब जमतात, भांड्याला जणू घाम फुटतो. तो घाम म्हणजे अर्क.

हा घाम पद्धतशीर गोळा करायची विद्या नवव्या शतकातल्या बगदादेत फार पुढं गेली होती. अल-किंदी हा तत्त्वज्ञ म्हणून ओळखला जातो, पण त्याच्या नावावर अत्तरांची आणि ऊर्ध्वपातनाची एक पुस्तिका आहे. तिच्यात शंभरावर कृती आहेत. ज्या भांड्यात हे काम चाले, ते 'अल-अंबीक'. मूळ शब्द ग्रीक, वाट अरबी.

आपल्याकडं कनोजचे अत्तरवाले आजही तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालतात, मातीनं तोंड लिंपतात, बांबूची नळी जोडतात आणि ती पाण्यात ठेवलेल्या भपक्यात सोडतात. भपक्यात चंदनाचं तेल असतं, ते फुलांचा वास शोषून घेतं. इथं एक प्रश्न पडतो. मोगऱ्या-जाईच्या वासात बेंझाइल अ‍ॅसिटेट हा एस्टर मोठ्या प्रमाणात असतो. तो उकळतो २१० अंशांच्याही वर. डेगेतलं पाणी तर १०० अंशांवर जात नाही. मग वास वर येतो कसा? उत्तर असं, की एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले तर दोघांच्या वाफांचा दाब एकत्र धरला जातो. दोघं मिळून हवेच्या दाबाची बरोबरी करतात आणि १०० अंशांच्या थोडं आधीच मिश्रण उकळू लागतं. पाणी नाजूक वासाला हात देऊन वर आणतं. नुसत्या विस्तवावर तो वास करपून गेला असता.

बादशहा जहांगीरनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की गुलाबपाणी करताना तव्यावर जमलेला तेलकट तवंग नूरजहानच्या आईनं बाजूला काढला आणि त्यातून गुलाबाचं अत्तर निघालं. सासूबाईंना त्यानं मोत्यांची माळ दिली. त्या वेळी थर्मामीटर नव्हता. पाऱ्याचा भरवशाचा थर्मामीटर फॅरनहाइटनं केला १७१४ साली, आणि सेल्सिअसनं आपली मोजपट्टी मांडली १७४२ साली. ती पट्टीच मुळी पाण्याच्या उकळण्यावर आणि गोठण्यावर बसवलेली. त्याआधी कारागीर हाताच्या चटक्यावर आणि थेंब पडायच्या आवाजावर चालत. तरी त्यांचं अत्तर बिघडत नसे.

ही विद्या फक्त बादशहांच्या घरची नव्हती. आमच्या उत्तरेला सातपुडा आहे. शिरपूरच्या डोंगराळ भागापासून अक्राणीपर्यंत मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं जमिनीवर पडतात. ती गोळा करून, वाळवून, आंबवून त्यांची दारू गाळायची रीत भिल्ल-पावरा वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची. सणाला, लग्नाला, देवाच्या पुढ्यात ती लागतेच. मातीचं मडकं, एक नळी, पाण्यात ठेवलेलं दुसरं भांडं. तीच डेग, तोच भपका. त्या भट्टीपाशीच मराठीला एक शब्दप्रयोग मिळाला, 'पहिल्या धारेची'. आपण तो हसत वापरतो, पण त्यात पुरतं विज्ञान आहे. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० अंशांना. दोघांचं मिश्रण तापलं की आधी निघणाऱ्या वाफेत अल्कोहोल जास्त असतं. म्हणून पहिली धार कडक, आणि पुढची धार पाणचट होत जाते. निरक्षर म्हणवल्या गेलेल्या माणसांनी उत्कलनांक भाषेत असा जपून ठेवला.

पुढं इंग्रज सरकारनं १८७८ साली मुंबई आबकारी कायदा केला आणि भट्टी परवान्याखाली आली. घरात गाळणं गुन्हा झाला. महसूल वाढला. ज्यांची ती विद्या होती, ते मात्र गुन्हेगार ठरले.

त्याच शतकात युरोपात आमच्या केळ्याची गंमत घडली. तिकडं बटाट्यापासून दारू गाळत. मुख्य माल निघून गेला की शेवटी एक तेलकट, उग्र वासाचा भाग उरे. त्याला फ्यूझेल तेल म्हणत. त्यात मुख्य असतं आयसोअमाइल अल्कोहोल, १३१ अंशांना उकळणारं, म्हणून सर्वांत मागं राहिलेलं. ते तोवर टाकाऊ समजलं जाई. कुणीतरी त्याचा अ‍ॅसेटिक आम्लाशी संयोग केला आणि दुर्गंधीतून फळाचा सुवास आला! १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं, तेव्हा तिथं कृत्रिम फळअर्क मांडले होते. ऑगस्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञानं त्यांच्याबद्दल लिहिलं. लंडनकरांना तो वास नासपतीचा वाटला, कारण त्यांच्या ओळखीचं फळ ते. आमच्या पाहुण्यांना केळी आठवली. मधमाशी डंख मारताना जो वास सोडून सोबतिणींना बोलावते, त्यातही हाच पदार्थ आहे. एकाच वासाचं कुणाला आमंत्रण, कुणाला लढाईची हाक.

जर्मनीत तर याच द्रवाचा दिवा केला. हेफनर-आल्टेनेक यानं १८८४ साली असा दिवा सुचवला, ज्यात अमाइल अ‍ॅसिटेट जळे आणि ज्योतीची उंची बरोबर ४० मिलिमीटर ठेवली जाई. ती ज्योत पुढं कित्येक वर्षं तिकडं प्रकाश मोजायचं माप होती. केळ्याच्या वासाच्या दिव्यानं विजेचे दिवे तोलले गेले.

आपल्या महाराष्ट्रात ही कहाणी उसाच्या मळीतून वाहत आली. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग राज्यभर कारखाने झाले. साखर काढून उरलेली मळी, मळीपासून अल्कोहोल, अल्कोहोलपासून अ‍ॅसेटिक आम्ल आणि त्या दोघांपासून इथाइल अ‍ॅसिटेट. कोपरगाव तालुक्यातली साकरवाडी, कोकणातलं महाड ही त्याची ठिकाणं. शाई, रंग, औषधं, पाकिटांची छपाई, चिकटपट्ट्या, सगळीकडं ते लागतं. कारखान्यात उंच मनोरे दिसतात ना, ते म्हणजे एकावर एक रचलेल्या डेगा-भपक्यांची माळ. प्रत्येक मजल्यावर तापमान थोडं कमी, आणि ज्याचा आकडा लहान तो वरच्या मजल्यावर. कनोजचा कारागीर तिथं गेला तर त्याला सगळं ओळखीचं वाटेल.

पण मंडळी, आकडे जवळजवळ असले की फसगतही होते. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, दारूतलं इथेनॉल ७८.४ अंशांना. चौदाएक अंशांचा फरक. यंत्राला तो कळतो, जिभेला कळत नाही. रंग नाही, वास जवळपास तोच, चटकाही तोच. पण मिथेनॉल पोटात गेलं की शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल करतं. आधी डोळे जातात, मग जीव. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. रोजंदारीवर राबणारी माणसं होती ती. भट्टीवाल्याची धार चुकली म्हणून असं होतं, असा समज आहे. तो खरा नाही. घरच्या भट्टीत मिथेनॉल अगदी थोडं असतं. अशा दुर्घटनांत बहुतेक वेळा उद्योगासाठी आलेलं मिथेनॉल स्वस्त म्हणून दारूत मिसळलेलं असतं. इथं दोष आकडा न कळणाऱ्यांचा नाही. आकडा ठाऊक असून विकणाऱ्यांचा आहे.

आता आमच्या गावाकडं येतो. नरडाण्याला औद्योगिक वसाहत झाली. रस्त्यानं टँकर जातात, ड्रम जातात. ३१ ऑगस्ट २०१९ ला, शनिवारी सकाळी, आमच्यापासून जवळच, शिरपूर तालुक्यातल्या वाघाडी गावाशेजारच्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. बाराहून अधिक माणसं गेली, कित्येक जखमी झाली. आसपासच्या गावांत घरं हादरली. त्या दिवसानंतर आमच्याकडं ड्रमकडं बघायची नजर बदलली. पण नजर बदलली म्हणजे माहिती आली, असं नाही.

आता त्या शेजारच्या पोराची गोष्ट. बारावी झाला आणि एका कारखान्यात कामाला लागला. कारखान्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. मे महिना, आमच्याकडं ४३ अंश. मुकादमानं सांगितलं, ड्रममधून थिनर काढ. यानं प्लास्टिकच्या बादलीत धार सोडली. ठिणगी दिसली नाही, नुसता भपका झाला. भुवया जळाल्या, उजवा हात भाजला. मी दवाखान्यात भेटायला गेलो तर मला म्हणाला, "चाचा, ड्रमवर लिहिलं होतं ना, एकशे दहाला उकळतं. मग त्रेचाळीसला कसं पेटलं?"

मंडळी, हा प्रश्न ऐकून मी गप्प झालो. पोरानं आकडा वाचला होता. शाळेत शिकलेलं तो विसरला नव्हता. पण त्याला अर्धंच शिकवलं होतं.

द्रव उकळायच्या कितीतरी आधीपासून उडत असतो. दोरीवरचे कपडे काही १०० अंशांवर वाळत नाहीत. ज्या तापमानाला द्रवावर एवढी वाफ जमते की ठिणगीनं ती भडकावी, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. माणसाच्या जिवाशी गाठ आहे ती या दुसऱ्या आकड्याशी. थिनरमधलं टोल्यूइन ११० अंशांना उकळतं खरं, पण त्याचा फ्लॅश पॉइंट आहे फक्त ४ अंश. इथाइल अ‍ॅसिटेट उकळतं ७७ ला, फ्लॅश पॉइंट शून्याखाली ४. अ‍ॅसिटोन उकळतं ५६ ला, आणि त्याचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली वीसच्या आसपास. म्हणजे खान्देशातल्या कडाक्याच्या थंडीतही हे द्रव पेटायला तयार असतात. उन्हाळ्याचं तर विचारूच नका.

त्यात आणखी तीन गोष्टी. इथाइल अ‍ॅसिटेटची वाफ हवेच्या तिप्पट जड असते. ती वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीवरून सरपटत दूरच्या चुलीपर्यंत, बिडीपर्यंत पोचते. हवेत शंभरात दोन भाग झाली तरी पेटायला पुरे. दुसरी गोष्ट, ती पेटली म्हणून पाण्याची धार मारली तर हा द्रव पाण्यापेक्षा हलका असल्यानं पाण्यावर तरंगत पसरतो आणि आगही पसरते. त्याला फेस किंवा कोरडी पावडर लागते. तिसरी, पोराच्या बादलीची. असे द्रव वाहताना घर्षणानं स्थिर वीज साठते. लोखंडी भांडं तारेनं जमिनीशी जोडलं, म्हणजे अर्थिंग केलं, तर ती उतरून जाते. प्लास्टिकच्या बादलीत तिला उतरायला वाटच नसते.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे असा माल नेणाऱ्या टँकरवर पाटी लागते. तिच्यावर चार आकड्यांचा एक क्रमांक असतो. ११७३ म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेट, १०९० म्हणजे अ‍ॅसिटोन, १२३० म्हणजे मिथेनॉल. टँकर उलटला की आमच्याकडची माणसं मदतीला धावतात, आणि काहीजण, खोटं कशाला बोलू, डबे घेऊनही धावतात. त्यातल्या कितीजणांना १२३० चा अर्थ माहीत असतो?

ज्या भाषेनं 'पहिल्या धारेची' म्हणत एक आकडा इतकी वर्षं सांभाळला, तिला हे दुसरे आकडे सांभाळता येणार नाहीत असं मला वाटत नाही. फक्त ते तिच्यापर्यंत आणायला हवेत. ड्रमवरची चिठ्ठी मोठ्या अक्षरांत मराठीत हवी, आणि कामाच्या पहिल्या दिवशी कुणीतरी ती मोठ्यानं वाचून दाखवायला हवी. हे काम कारखान्याच्या मालकाचं आहे, सरकारी तपासनिसाचं आहे, आणि शाळेत 'उत्कलनांक' शिकवणाऱ्या गुरुजींचंही आहे. त्यांनी पुढं एकच वाक्य जोडावं, की पेटायचा आकडा वेगळा असतो.

पोराचा हात आता बरा आहे, करंगळी तेवढी पुरती मिटत नाही. तो दुसऱ्या ठिकाणी कामाला जातो. परवा फाट्यावर त्या फर्निचरच्या दुकानासमोर आम्ही दोघं उभे होतो. केळ्याचा वास येत होता. पॉलिशवाला बिडी तोंडात धरून काडी ओढणार, एवढ्यात पोरगा पुढं झाला आणि त्याच्या हातातली काडेपेटी काढून घेतली. मग थिनरचा डबा उचलून सावलीत ठेवला, झाकण लावलं, आणि त्याला म्हणाला, "दादा, बिडी रस्त्याच्या पलीकडं जाऊन ओढ. हा वास आहे ना, तोच पेटतो."